ओव्हनचा बोर्ड बदलण्याआधी

"बोर्ड गेलाय, नवा टाकावा लागेल" असं ओव्हन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पाटीबद्दल कुणीतरी सांगितलं, की माणसं किंमत ऐकून ओव्हन भंगारात द्यायला निघतात. सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे असे ओव्हन कायम येतात. त्यातल्या बऱ्याच ओव्हनचा बोर्ड चांगला असतो. आणि बिघडलाच असेल, तर सगळा बोर्ड नव्हे, त्यावरचा एखादा किरकोळ पार्ट गेलेला असतो. दोष नेमका कुठे आहे हे कळेपर्यंत बोर्डासाठी पैसे मोजू नयेत, एवढंच माझं म्हणणं. ज्यांना मल्टिमीटर धरता येतो, त्यांच्यासाठी तपासणीची पद्धत सांगतो.

आधी जिवाचं. हे सगळं बिल्ट-इन ओव्हन आणि डिजिटल ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल, यांच्यासाठी आहे. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह दिसायला तसाच असतो, पण त्याच्या आत हजारो व्होल्ट असतात. तो घरी उघडायचाच नाही. ओव्हनचा प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण आपल्याकडे जुन्या वाड्यांतल्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले सर्रास सापडतात. तिथे बटण न्यूट्रल तोडतं आणि ओव्हनमध्ये फेज तशीच राहते. प्लग नसेल, थेट वायर जोडलेली असेल, तर दोन्ही वायरी तोडणारा मेन स्विच पाडा आणि मीटर लावून खात्री करा. अजून एक: यातल्या पुष्कळ बोर्डांत ट्रान्सफॉर्मर नसतो. त्यामुळे पाच व्होल्टची लाइनही मेन सप्लायला जोडलेली असते. चालू बोर्डाला हात लावायचा नाही. खाली सांगितलेली ओव्हनची सगळी मोजमापं प्लग काढूनच घ्यायची आहेत.

पाना-पेचकस हातात घेण्याआधी डिस्प्ले बघा. लाइट जाऊन आली आणि आकडे लुकलुकत असतील, तर बरेच बिल्ट-इन ओव्हन वेळ लावल्याशिवाय तापतच नाहीत. किल्लीचं चिन्ह दिसत असेल तर चाइल्ड लॉक लागलंय. दोन्ही गोष्टी माहितीपुस्तिका बघून घरच्या घरी सुटतात.

मग सॉकेट. मोकळ्या सॉकेटवर २३० च्या आसपास व्होल्ट दिसले म्हणून समाधान मानू नका. त्याच लाइनवर गीझर किंवा इस्त्री चालू करून परत मोजा. १९० वर उतरले, तर २००० वॅटचा एलिमेंट, म्हणजे ओव्हन तापवणारी नळी, साडेतेराशे वॅटचंच काम करतो, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. केक मध्ये कच्चा राहतो आणि दोष बोर्डाला जातो. तिथे वायरमन बोलवा, ओव्हनवाला नको.

आता तापमान मोजणारा सेन्सर. एरर कोड दाखवून बीप-बीप करणाऱ्या ओव्हनमध्ये पहिला संशय त्याच्यावर घ्यायचा. ओव्हनच्या आत मागच्या भिंतीतून बोटभर लांबीची धातूची कांडी आलेली दिसते, तोच सेन्सर. बिल्ट-इन ओव्हनमध्ये बहुधा पीटी १००० असतो: शून्य अंशाला १००० ओहम, आणि दर अंशाला जवळपास ३.८५ ओहमची वाढ. म्हणजे २५ अंशाला १०९७. डिजिटल ओटीजीत बहुतेक वेळा एनटीसी असतो. तो उलट वागतो, तापला की ओहम कमी होतात. त्यातला एक नेहमीचा प्रकार २५ अंशाला १०० किलोओहम दाखवतो.

इथे सोलापूरकरांनी थांबून विचार करायला हवा. सगळीकडे आकडे २५ अंशाचे छापलेले असतात, आणि आपल्या स्वयंपाकघरात मे महिन्यात दुपारी ४० अंश सहज असतं. त्या वेळी पीटी १००० सेन्सर ११५५ च्या आसपास दाखवणार, आणि १०० किलोओहमचा एनटीसी ५३ च्या आसपास. निम्मा आकडा बघून चांगले सेन्सर फेकलेले मी पाहिलेत. म्हणून शेजारी थर्मामीटर ठेवा, मगच निकाल द्या. पीटी सेन्सर बाहेर काढता आला, तर त्याचं फक्त धातूचं टोक उकळत्या पाण्यात धरा. आकडा एकसारखा चढत १३८० च्या जवळ थांबला पाहिजे. मध्येच उड्या मारत असेल तर सेन्सर गेला. सेन्सरपाशी आकडा बरोबर आणि बोर्डाच्या कनेक्टरपाशी चूक, तर दोष मधल्या वायरीत किंवा काळ्या पडलेल्या पिनेत आहे.

डिस्प्ले ठीक आहे पण उष्णता नाही, अशा वेळी एलिमेंटच्या दोन्ही वायरी काढून ओहम मोजा. ५२,९०० ला वॅटने भागा, तेवढे ओहम यायला हवेत: १२०० वॅटला ४४, २००० वॅटला २६. एलिमेंट आणि ओव्हनची बॉडी यांत मात्र काहीच दाखवता कामा नये. पावसाळ्यात बरेच दिवस बंद असलेल्या ओव्हनचा एलिमेंट आतली इन्सुलेशनची पूड ओल धरल्याने गळती दाखवतो आणि आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, पडतो. आरसीसीबी काढून टाकू नका, एलिमेंट वाळवून घ्या किंवा बदला.

एलिमेंट बरा असेल तर मागचा थर्मल कटआउट बघा, म्हणजे ओव्हन फार तापला की सप्लाय तोडणारा पार्ट. तो उघडलेला, म्हणजे सप्लाय तोडलेला, सापडला, तर नवा टाकून मोकळं होऊ नका. तो का उघडला ते शोधा. पूर्व भागातल्या एका अक्कांच्या घरी पुढच्या खोलीत यंत्रमाग आहेत. त्यांच्या ओव्हनचा कटआउट दोनदा बदलून झाला होता. मी मागचं पत्रं काढलं, तर कूलिंग फॅन सुताच्या भुशाने जाम झालेला. ब्रशने फॅन साफ केला, बेअरिंगला थेंबभर तेल दिलं आणि ओव्हन चालू झाला. हाच फॅन बोर्डही थंड ठेवतो, म्हणून तो थांबला की बोर्डाचे दिवस भरतात.

इतकं होऊनही दोष सापडला नाही तरच बोर्ड काढा. आधी मोबाइलवर सगळ्या वायरींचे फोटो घ्या. मोठ्या कपॅसिटरच्या पायांवर १० किलोओहमचा पाच वॅटचा रेझिस्टर काही सेकंद धरून तो रिकामा करा. पेचकसने ठिणगी पाडायची नाही. मग उजेडात नीट बघा. झुरळ चिकटून मेलेलं, डोकं फुगलेला कपॅसिटर, रिलेच्या, म्हणजे एलिमेंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, पिनांभोवती सोल्डरला गेलेली बारीक गोल चीर. चीर दिसली तर जुना सोल्डर ओढून काढून नवा डाग द्या. नुसता वरून सोल्डर चढवला तर तो टिकत नाही.

फ्यूज उडालेला आणि शेजारची निळी गोल चकती, म्हणजे जादा व्होल्टेजपासून बोर्ड वाचवणारा एमओव्ही, तडकलेली असेल, तर व्होल्टेज चढलं होतं. बाहेर न्यूट्रल तुटला की सिंगल फेज घरात चारशेच्या जवळ व्होल्ट येऊ शकतात. चकती त्याच नंबरची टाका, फ्यूजही तेवढ्याच अँपिअरचा. तार गुंडाळायची नाही.

ट्रान्सफॉर्मर नसलेल्या स्वस्त बोर्डांत एक दोष मला सारखा भेटतो. डिस्प्ले लागतो, पण ओव्हन चालू करताच तो मंद होतो, रिले टकटकतो आणि घड्याळ परत शून्यावर जातं. इथे मेन लाइनवरचा चौकोनी एक्स-टू कपॅसिटर म्हातारा झालेला असतो. अंगावर ०.४७ किंवा १ मायक्रोफॅरड छापलेलं असतं आणि मीटरवर अर्धंही भरत नाही. रिले ओढायला लागणारा करंटच त्यातून मिळत नाही. काही रुपयांचा पार्ट आहे. मात्र नवा टाकतानाही २७५ व्होल्ट एसीचा एक्स-टूच हवा. साधा कपॅसिटर तिथे पेट घेऊ शकतो.

बंद केल्यावरही ओव्हन तापत राहिला, तर रिलेचे काँटॅक्ट चिकटलेत. प्लग काढा आणि रिले बदलेपर्यंत वापरूच नका. नव्या रिलेचा कॉइल व्होल्टेज तोच आणि काँटॅक्ट निदान तितक्याच अँपिअरचे हवेत. जळालेली लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची जोडणी, बदलताना उष्णता सोसणारी फायबरग्लासची वायर घ्या. साधी पीव्हीसी वितळते.

बोर्ड परत बसवल्यावर पहिल्यांदा १०० वॅटच्या तारेच्या बल्बच्या सिरीज बोर्डवर लावा, म्हणजे सप्लाय बल्बमधूनच ओव्हनला जाईल. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, पूर्ण पेटून राहिला तर शॉर्ट आहे. एलिमेंट चालू केलात तर बल्ब पेटणारच, म्हणून ही चाचणी फक्त डिस्प्लेपुरती. नंतर थेट लावून १८० अंशाला ओव्हन थर्मामीटर ठेवा. दहा-पंधरा अंश वर-खाली होणं रिलेच्या ओव्हनमध्ये नेहमीचंच आहे.

मुख्य आयसी (बोर्डावरची मोठी चिप) गेली असेल किंवा बोर्डाचा तुकडाच कोळसा झाला असेल, तर मात्र नवा बोर्ड घ्या, जुन्यावरचा पार्ट नंबर जुळवून. सोबत लाइनवर हाय-लो व्होल्टेज कटऑफ बसवून घ्या, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल. भाजणं झाल्यावर कूलिंग फॅन आपोआप थांबेपर्यंत मेन स्विच पाडू नका. लाइट गेली आणि फॅन बंद पडला, तर दार एकतर पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवा. फटीतून निघणारी गरम हवा थेट वरच्या पॅनेलवर जाते, आणि बोर्ड तिथेच बसवलेला असतो.