जुन्या प्रार्थनास्थळाचं ट्रेनिंग कॅम्पस करताय? या चुका टाळा

जुनं चर्च किंवा मठ हातात आला की पहिल्याच मीटिंगमध्ये प्रश्न येतो, किती क्लासरूम बसतील? घोळ तिथूनच सुरू होतो राव. ती वास्तू सगळ्यांनी मिळून एकच प्रार्थना म्हणायला बांधलेली, आणि तुम्हाला तिथं पाच ट्रेनर एकाच वेळी बोलायला हवेत.

मधोमध उभं राहून एक टाळी वाजवून बघा. मोठ्या दगडी चर्चमध्ये आवाज विरायला पाच-सहा सेकंदही लागतात, वर्गात तो साधारण ०.६ सेकंदात विरायला हवा. मग लोक अर्ध्या उंचीची पार्टिशन घालतात, आवाज वरून उडी मारून शेजारच्या बॅचमध्ये जातो, म्हणून आणखी मोठे स्पीकर लावतात आणि गोंगाट दुप्पट. उपाय उलटा आहे: स्पीकर छोटे, ऐकणाऱ्याच्या जवळ, आवाज कमी, जाड पडदे आणि कार्पेट. खोल्या हव्यातच असतील तर स्वतःचं छत असलेल्या, जुन्या भिंतीला न चिकटता उभ्या राहणाऱ्या करा. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला १३व्या शतकातल्या डोमिनिकन चर्चचं पुस्तकांचं दुकान केलंय, तिथं पुस्तकांचा उंच स्टीलचा सांगाडा आत वेगळा उभा केलाय. माझं स्पष्ट मत, मोठा हॉल तोडूच नका, तो मोठ्या सेशनला ठेवा आणि क्लास बाजूच्या खोल्यांत घ्या.

दुसरी चूक सिमेंटची, आणि ही जास्त महागात पडते. ओल दिसली की सिमेंटचा गिलावा मारायचा, वर ऑइल पेंट! जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते, ती ओल घेते आणि बाहेर सोडते, ती वाटच बंद केली की पाणी आतल्या आत चढतं, लोणा लागतो म्हणजे भिंतीवर मीठ फुटतं, पोपडे सुटतात आणि कधी दगडाचीच पापुद्रं निघायला लागतात. असं झालंच असेल तर आधी बाहेर जाऊन बघा, पन्हाळी तुंबलीय का, बाहेरची माती आतल्या फरशीपेक्षा वर आलीय का. ते निस्तरा, मग सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करा. जाड भिंत वाळायला महिने लागतात, म्हणून उद्घाटनाची तारीख आधीच छापू नका.

थंड हवेच्या ठिकाणी गरम हवा सोडणारे हीटर लावले तर सगळी ऊब छताला जाऊन बसते आणि बाकावरची माणसं कुडकुडतात. फरशीखालून हीटिंग बरं, पण खोदायच्या आधी चौकशी करा, जुन्या चर्चच्या फरशीखाली बऱ्याचदा दफनं असतात. केबलसाठी चर मारला आणि हाडं लागली तर काम तिथंच थांबतं.

परवानगी शेवटी घेऊ म्हणणारेही भेटतात. १९६४ च्या व्हेनिस चार्टरमध्ये, म्हणजे जुन्या वास्तू जपण्याच्या आंतरराष्ट्रीय सनदेत, साफ लिहिलंय की वास्तू समाजाच्या उपयोगात आणणं चांगलंच, पण त्यासाठी तिची मांडणी आणि सजावट बदलायची नाही. त्यामुळे आर्किटेक्टच्या आधी वारसा खात्याकडे जा. धर्मसंस्थेकडून रीतसर मोकळीकही घ्या, आणि भिंतीवरच्या स्मृतिफलकांचं काय करणार ते जुन्या भक्तांना विचारा, परस्पर गोडाऊनमध्ये टाकू नका.

आणि हो, माळ्यावर एकदा टॉर्च मारून या. ब्रिटनमध्ये वटवाघळांच्या मुक्कामाला धक्का लावणं गुन्हा आहे, आणि ती नेमकी तुम्हाला एसीचे डक्ट न्यायचे असतात तिथंच लटकलेली असतात.