क्लाउनफिश ॲनिमोनकडे बघतही नाही? आधी या चुका टाळा

"मासे आणून महिना झाला, ॲनिमोन समोरच फुललंय, आणि हे दोघे पठ्ठे रोज रात्री हीटरला चिकटून झोपतात. काय चुकतंय?"

ॲनिमोन म्हणजे समुद्रपुष्प, क्लाउनफिशचं समुद्रातलं घर. रीफ टँक, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, ठेवणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. विचारणाऱ्याचं सगळं लक्ष माशावर असतं. मी उलट विचारतो: ॲनिमोन कुठल्या जातीचं, टाकी किती जुनी, ॲनिमोन एका जागी बसलंय का? बहुतेक वेळा घोळ तिथेच सापडतो. मासा बिचारा शहाणाच असतो.

जात न बघता जोडी जमवणं

ॲनिमोनच्या हजाराहून जास्त जाती आहेत. क्लाउनफिशना थारा देणाऱ्या त्यातल्या जेमतेम दहा. त्यातही प्रत्येक माशाची आवड वेगळी. 'मरून' जातीच्या क्लाउनचं समुद्रातलं घर एकच, बबल टिप. क्लार्की सगळ्यांत उदार, त्याला दहाही चालतात. आणि ज्याच्यापासून आपण बहुतेक जण सुरुवात करतो तो ऑसेलॅरिस? तो समुद्रात मॅग्निफिका आणि दोन प्रकारच्या कार्पेट ॲनिमोनमध्ये राहतो. बबल टिप त्याच्या यादीतच नाही.

टाकीत मात्र आपण ऑसेलॅरिसशेजारी बबल टिपच ठेवतो, कारण सांभाळायला तेच त्यातल्या त्यात सोपं. कितीतरी ऑसेलॅरिस ते पुढे आपलंसं करतातही. पण त्याला काही तास लागतील, काही महिने लागतील, किंवा ते कधीच होणार नाही. हे आधी माहीत असलं की महिनाभराने घाबरायला होत नाही. टाकीत जन्मलेल्या पिल्लाने आयुष्यात ॲनिमोन पाहिलेलं नसतं, म्हणून ते जात नाही, असं काही जण सांगतात. तसं नाही. ओढ उपजतच असते, अशी पिल्लंही व्यवस्थित जातात.

उतावीळपणे बबल टिप काढून मॅग्निफिका आणायचा विचार मात्र सोडा. दिसायला ते राजेशाही असतं, पण त्याला प्रखर उजेड आणि जोरदार प्रवाह लागतो, नाजूकही फार. नवशिक्यांच्या हातून मॅग्निफिका बहुधा मरतंच.

कॉन्डी ॲनिमोन हे दुसरं फसवं प्रकरण. दणकट म्हणून ते गळ्यात मारलं जातं. ते कॅरिबियन समुद्रातलं, आणि अटलांटिकमध्ये क्लाउनफिश मुळातच नाहीत. एखादा मासा त्यात शिरतोही, पण त्या भरवशावर ते घेऊ नका. हॅडोनी कार्पेटची गोष्ट तर आणखी वेगळी: ते इतर मासे पकडून खातं. तळाशी फिरणारे गोबी वगैरे असतील तर एक दिवस मोजताना कमी भरतील.

ॲनिमोनची सोय न करता माशाची वाट बघणं

माझं पहिलं बबल टिप मी टाकी दोन महिन्यांची असताना आणलं. पाण्याच्या सगळ्या चाचण्या उत्तम येत होत्या, म्हणून हुरूप आला होता. ते चार दिवस टाकीभर भटकलं. आज या दगडावर, उद्या काचेवर. मासे त्याच्याकडे फिरकले नाहीत. रोज जागा बदलणाऱ्या घरात कोण राहायला जाणार? पाचव्या रात्री ते पॉवरहेडमध्ये, म्हणजे प्रवाह देणाऱ्या पंपात, ओढलं गेलं. सकाळी पाणी दुधाळ, खोलीभर वास आणि काचेला चिकटलेले तुकडे. दिवसभर पाणी बदलत आणि घाण शोषणारा कार्बन टाकत बसलो. मासे वाचले, ॲनिमोन गेलं.

तेव्हापासून दोन नियम मी मोडत नाही. टाकी किमान सहा महिन्यांची, जमलं तर वर्षाची झाल्याशिवाय ॲनिमोन नाही. आणि ते पाण्यात सोडण्याआधी प्रत्येक पॉवरहेडला आणि ओव्हरफ्लोला (पाणी बाहेर जायच्या वाटेला) जाळी किंवा जाड स्पंज बसवायचा. आधी. "उद्या बसवतो" म्हटलं की रात्री अपघात ठरलेला.

ॲनिमोन भटकतं, कारण त्याला काहीतरी पटलेलं नसतं: उजेड, प्रवाह किंवा पायासाठी आधार. बबल टिपला तळवा आत घालून घट्ट धरता येईल अशी दगडातली खोल फट लागते. तशी फट दाखवून, तासभर प्रवाह बंद करून त्याला पकड घेऊ दिली तर निम्मी भटकंती वाचते. खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) 1.025 ते 1.026 आणि तापमान 25-26 अंशांच्या आसपास ठेवा, पण आकड्यापेक्षा तो स्थिर असणं महत्त्वाचं. बाष्पीभवनाने पाणी उतरतं आणि आपण दोन दिवसांनी एकदम बादलीभर गोडं पाणी ओततो. तो झटका ॲनिमोनला मुळीच सोसत नाही.

घेताना रंगाला भुलू नका. दुधासारखं पांढरं ॲनिमोन ही सुंदर जात नव्हे, ते उपाशी आहे. त्याच्या शरीरातलं सूक्ष्म शैवाल निघून गेलेलं असतं, आणि त्याचं बरंचसं अन्न तेच शैवाल उजेडातून बनवतं. भडक पिवळं किंवा जांभळं दिसलं तर ते रंगवलेलंही असू शकतं. टेंटॅकल, म्हणजे त्याचे बोटांसारखे हात, आपल्या बोटाला चिकटतायत, तोंड घट्ट मिटलेलं आहे आणि तळव्याला फाटलेलं नाही, हे बघा आणि मगच घ्या.

घरी आल्यावर ते दिवसातून एकदा आकसून गोळा होतं, तपकिरी घाण बाहेर टाकतं आणि पुन्हा फुलतं. यात काळजीचं काही नाही. तोंड उघडं पडलंय, अंग सैल होऊन विरघळतंय आणि सडका वास येतोय, तर मात्र भावनेत न अडकता लगेच बाहेर काढा. मेलेलं ॲनिमोन एका रात्रीत पाण्यात इतका अमोनिया सोडतं की पाठोपाठ मासेही जातात.

माशाला ढकलणं

ही सर्वांत जास्त केली जाणारी चूक. जाळीत धरून मासा ॲनिमोनवर सोडतात, काठीने हाकलत नेतात. यात माशाला मिळते ती फक्त दहशत.

ॲनिमोनच्या टेंटॅकलवर हजारो दंशपेशी असतात. त्या माशाला लागत नाहीत, याचं मोठं कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर. डंख सुटायला चिथावणी देणारे घटक त्या थरात फार कमी असतात. तरीही नव्या ॲनिमोनशी ओळख टप्प्याटप्प्यानेच होते. मासा आधी शेपूट किंवा पोटाखालचा पर हलकेच लावतो, दचकून मागे येतो, पुन्हा लावतो. तासाभरात तो आत लोळत असेल, किंवा दोन दिवस हाच खेळ चालेल. या काळात त्याला ढकललं तर थर खरवडला जातो, म्हणजे ज्याच्या भरवशावर तो आत जाणार तेच आपण काढून घेतो. काही दिवस वेगळं राहिलेल्या जुन्या रहिवाशालाही पुन्हा थोडी ओळख करून घ्यावी लागू शकते.

करण्यासारखं एकच आहे: जवळीक वाढवा. मासे झोपतात त्या कोपऱ्याजवळ ॲनिमोनचा दगड न्या, तेही ॲनिमोन दगडाला पक्कं चिकटल्यावरच. दगड लहान असेल तर दोघांना एक-दोन दिवस छिद्रांच्या डब्यात एकत्र ठेवता येतं. माझ्याकडे पहिला स्पर्श बहुतेक वेळा दिवे मंद होताना झालाय, मासे झोपायला जागा शोधत असतात तेव्हा. काचेबाहेर ॲनिमोनचं चित्र चिकटवणारेही भेटतात. त्याने अपाय नाही; उपाय आहे असं मला वाटत नाही.

काही छोटे घोळ

हॅमर, टॉर्च किंवा केसाळ मशरूम यांसारखं प्रवाळ टाकीत असेल तर मासा त्यातच संसार थाटू शकतो. मग ॲनिमोनची त्याला गरजच उरत नाही. हॅमर अंग आखडून बसत असेल तर तो दगड हलवा.

ॲनिमोन माशाच्या मानाने फार लहान असेल तर धडपणे राहणाऱ्या माशानेही त्याचा चुराडा होतो. 'मरून' जातीची मोठी मादी तर दिवसभर घुसळत राहते. ॲनिमोन आधी वाढू द्या. खायला आठवड्यातून एक-दोनदा वाटाण्याएवढा कोळंबीचा तुकडा पुरे. मोठा तुकडा ते रात्री ओकतं आणि पाणी खराब होतं. मासाही त्याच्या तोंडातून तुकडा पळवतो, म्हणून आधी माशाला भरवा.

अंगावर पांढुरका चिकट थर साचलाय, श्वास भरभर चाललाय, मासा प्रवाहात तोंड धरून उभा आहे, तर तो ॲनिमोनला नाकारत नाहीये, तो आजारी आहे. ब्रुकलिनेला या रोगात असंच होतं आणि मासा काही दिवसांत जातो. "ॲनिमोनमध्ये गेला की बरा होईल" ही आशा धरू नका. वेगळ्या टाकीत घेऊन फॉर्मॅलिनचे उपचार करा. मुख्य टाकीत तांब्याचं औषध चुकूनही नको, ॲनिमोन त्याने मरतं.

जोडीतला मोठा मासा ॲनिमोनवर कब्जा करून धाकट्याला कडेला ठेवतो. मोठी ती मादी, धाकटा नर. क्लाउनफिश सगळे आधी नरच असतात. धाकटा कडेला झोपतोय आणि त्याचे पर शाबूत आहेत, तोवर लक्ष घालू नका. पर फाटायला लागले तर वेगळे करा.

आणि सगळं जमून आलं की काच पुसताना सांभाळा. घर मिळालेली मादी हाताला चावते. इजा होत नाही, पण दचकून हात झटकताना दगड खाली पडतो. माझा एकदा पडलाय, बरोब्बर ॲनिमोनवर.