खासगी विद्यापीठात प्रवेश घेताना: मान्यता कुठे पाहायची, विविधता कशी मोजायची

बारावीचा निकाल लागला की खासगी विद्यापीठांच्या माहितीपुस्तिका घरी येऊ लागतात. संस्था किती झपाट्याने वाढली, तिला कोणत्या मान्यता आहेत, किती राज्यांतून आणि देशांतून मुलं येतात, हे प्रत्येकीत ठळक छापलेलं असतं. हे तिन्ही दावे घरबसल्या तपासता येतात आणि ते फी भरण्याआधीच तपासायचे असतात.

सुरुवात विद्यापीठाच्या प्रकारापासून करा. विधिमंडळाने स्वतंत्र कायदा करून स्थापन केलेलं ते राज्य खासगी विद्यापीठ. कोथरूडची एमआयटी वर्ल्ड पीस युनिव्हर्सिटी या प्रकारात मोडते. यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातल्या कलम ३ खाली केंद्र सरकारने दर्जा दिलेलं ते अभिमत विद्यापीठ. पुण्याचं सिंबायोसिस अभिमत आहे. डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना आधार मिळावा या हेतूने ती संस्था सुरू केली आणि २००२ मध्ये तिला हा दर्जा मिळाला. दोन्ही प्रकारांना स्वतःची पदवी देता येते. यूजीसीच्या संकेतस्थळावर दोन्हींच्या वेगवेगळ्या याद्या आहेत, बोगस विद्यापीठांचीही आहे. नाव आणि पत्ता अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. '२(एफ)' आणि '१२(बी)' ही यूजीसी कायद्यातली कलमं जाहिरातीत गुणवत्तेच्या शिक्क्यासारखी मिरवली जातात. पहिल्याचा अर्थ इतकाच की संस्था कायद्याने विद्यापीठ आहे, आणि दुसऱ्याचा की ती केंद्राच्या अनुदानाला पात्र आहे. १२(बी) नसल्याने पदवी बाद होत नाही.

राज्य खासगी विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर केंद्र काढता येत नाही, दुसरी महाविद्यालयं संलग्नही करून घेता येत नाहीत. छत्तीसगडच्या २००२ च्या कायद्याखाली एका खोलीतून चालणारी विद्यापीठंसुद्धा निघाली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये यशपाल खटल्यात त्या कायद्यातली कलमं रद्द केली, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांचं भवितव्य एकदम टांगणीला लागलं. म्हणून परराज्यातल्या खासगी विद्यापीठाची नियमित पदवी कुणी पुण्या-मुंबईतल्या 'सेंटर'मधून देऊ करत असेल, तर तिथे एक रुपयाही भरू नका.

सगळ्यात जास्त फसगत होते ती अभ्यासक्रमाच्या मान्यतेत. विद्यापीठ अस्सल असलं तरी विधी, औषधनिर्माण, वास्तुकला, बी.एड. किंवा नर्सिंग या अभ्यासक्रमांना आपापल्या परिषदेची मान्यता वेगळी लागते. संस्था वेगाने वाढत असते तेव्हा नवे अभ्यासक्रम कागदपत्रं हातात येण्याआधीच जाहीर होतात आणि पुस्तिकेत बारीक अक्षरात 'मान्यता प्रस्तावित' असं लिहिलेलं असतं. बार कौन्सिलची मान्यता नसलेल्या एलएलबीवर वकिलीची सनद मिळत नाही. त्यामुळे त्या परिषदेच्या चालू वर्षाच्या यादीत अभ्यासक्रम आणि जागांची संख्या स्वतः शोधा. प्रवेश कक्षाने दाखवलेलं गेल्या वर्षीचं पत्र पुरेसं नाही.

नॅक ही उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणारी संस्था. तिच्या श्रेणीबाबत श्रेणी कुणाला मिळाली आणि कधीपर्यंत वैध आहे, एवढं बघावं. त्याच आवारातल्या जुन्या महाविद्यालयाची श्रेणी नव्या विद्यापीठाच्या नावापुढे लावल्याचं आढळतं. आजवरच्या श्रेणीपद्धतीत ए++ म्हणजे चारपैकी ३.५१ किंवा अधिक, ए+ म्हणजे ३.२६ ते ३.५०. त्या पद्धतीत दोन तुकड्या बाहेर पडल्याशिवाय किंवा सहा वर्षं झाल्याशिवाय विद्यापीठाला नॅककडे जाता येत नसे, त्यामुळे अगदी नव्या संस्थेकडे श्रेणी नसणं हा दोष मानू नये.

आता विविधतेकडे. पुस्तिकेतल्या रंगीत फोटोंपेक्षा एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी भरलेला तक्ता कितीतरी बोलका असतो. क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेला ही माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात 'प्रत्यक्ष विद्यार्थिसंख्या' या शीर्षकाखाली अभ्यासक्रमाच्या कालावधीनुसार ओळी असतात. रकाने असे: मुलगे, मुली, राज्यातले, राज्याबाहेरचे, देशाबाहेरचे, आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिकदृष्ट्या मागास. त्यानंतर पूर्ण शिक्षणशुल्काची प्रतिपूर्ती सरकारकडून किती जणांना, संस्थेच्या निधीतून किती जणांना, खासगी देणगीतून किती जणांना आणि कुणाकडूनच नाही असे किती, हे येतं.

समजा चार वर्षांच्या पदवीच्या ओळीत एकूण २,००० विद्यार्थी आहेत, राज्याबाहेरचे ९००, देशाबाहेरचे १२ आणि संस्थेच्या निधीतून पूर्ण शुल्क मिळणारे १५. इथे देशभरातली मुलं खरोखरच आहेत, ४५ टक्के. 'आंतरराष्ट्रीय परिसर' मात्र ०.६ टक्क्यांवर उभा आहे आणि संस्था स्वतःच्या खिशातून शंभरातल्या एकाचीही फी पूर्ण भरत नाही. 'वीस देशांतले विद्यार्थी' हे वाक्य वीस जणांवरही खरं ठरतं, म्हणून देश मोजू नका, डोकी मोजा. तीन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवले की वाढ कुठे झाली तेही कळतं. एकूण संख्या दुप्पट झाली आणि मागास घटकांचा रकाना जागचा हलला नाही, तर ती वाढ कुणासाठी झाली हा प्रश्न विचारायलाच हवा. वरच्या क्रमांकावर विसंबू नका, कारण एनआयआरएफच्या १०० गुणांत सर्वसमावेशकतेला १० च आहेत.

आरक्षणाबाबत गृहीत धरून चालू नका. दिव्यांगांसाठी २०१६ च्या कायद्यातल्या किमान पाच टक्के राखीव जागा सरकारी आणि अनुदानित संस्थांना बंधनकारक आहेत, विनाअनुदानित खासगी विद्यापीठाला नाहीत. तिथे रॅम्प, लेखनिक आणि वसतिगृहातली तळमजल्याची खोली मिळणार का, हे ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा.

शिष्यवृत्तीचं गणित इथेच चुकतं. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या अनेक योजना कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीतून झालेल्या प्रवेशाशी जोडलेल्या असतात आणि काही शासननिर्णयांत खासगी व अभिमत विद्यापीठं वगळलेली असतात. 'शिष्यवृत्ती मिळून जाईल' या तोंडी आश्वासनावर घरचा हिशेब बसवू नका. योजनेचा चालू शासननिर्णय वाचा, मग पोर्टलवर संस्था आणि अभ्यासक्रम निवडता येतो का ते बघा. संस्थेची स्वतःची सवलत असेल तर ती पहिल्याच वर्षापुरती आहे की दरवर्षी, त्यासाठी किती गुण टिकवावे लागतात, हे प्रवेशपत्रावर लिहून घ्या. वसतिगृह, मेस, परीक्षा शुल्क आणि अनामत धरून पूर्ण अभ्यासक्रमाची बेरीज करा. दरवर्षीची शुल्कवाढही विचारा.

इतकं करूनही प्रवेश रद्द करायची वेळ येऊ शकते. यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार, जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी अर्ज केल्यास पूर्ण शुल्क परत मिळतं, त्यातून पाच टक्के आणि तेही जास्तीत जास्त ५,००० रुपये कापता येतात. त्यानंतर ९०, ८० आणि ५० टक्के अशी उतरंड आहे आणि शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की काहीच मिळत नाही. काही वर्षी यूजीसी याहून सवलतीचं परिपत्रक काढते, म्हणून त्या वर्षीचं पाहावं. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला अडकवून ठेवण्याचा अधिकार संस्थेला नाही. पडताळणी झाली की ते तिथेच परत मागा. कुणी नकार दिला तर लेखी अर्जाची पोच घ्या आणि शुल्काच्या पावतीसह यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार नोंदवा.