मे महिन्यात गावाला जाण्याआधी: माशांच्या टाकीत शेवाळ माजू नये म्हणून

मुलांच्या परीक्षा संपल्या की गावाला जायचे बेत सुरू होतात आणि बंद घरात मागे राहते ती माशांची टाकी. आठ-दहा दिवसांनी कुलूप उघडावं तर काचेपलीकडचं काही दिसू नये इतकी ती हिरवी झालेली असते. हे टाळायचं असेल तर औषधाची बाटली आणून ठेवण्यापेक्षा निघायच्या पंधरा दिवस आधी तयारीला लागा. शेवाळाला उजेड लागतो आणि पाण्यात विरघळलेलं खत लागतं. टाकीतल्या वनस्पतींना पुरून जे उरतं, त्यावर ते पोसतं. म्हणून सगळी तयारी हे उरणं कमी करण्याची.

सर्वांत आधी उजेड, कारण निम्मं काम इथेच होतं. एका सुट्टीच्या दिवशी टाकीवर ऊन कधी आणि कुठून येतं ते नीट बघा. हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून खोलवर येणारं ऊन मे महिन्यात येत नाही, कारण सूर्य डोक्यावर असतो. पुण्या-मुंबईकडे शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यालाच येतो. या दिवसांत त्रास देतात त्या पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या खिडक्या. दुपारी चारची तिरीप काचेच्या एकाच कोपऱ्यावर रोज पडत राहिली की तिथे हिरवे गोल ठिपके धरतात, स्पंजने घासून न जाणारे. ते जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून काढा (टाकी अ‍ॅक्रिलिकची असेल तर नको, चरे पडतात) आणि त्या बाजूला बाहेरून काळा चार्ट पेपर चिकटवा. जाड पडदा असेल तर उत्तमच.

मग टाकीच्या दिव्याला टायमर लावा. सहा तास पुरेत. वनस्पती मोजक्याच असतील तर चारसुद्धा चालतील, माशांचं काही अडत नाही. डायलचा टायमर वीज गेली की जागीच थांबतो आणि तेवढाच मागे पडतो, त्यामुळे उन्हाळ्यातल्या वीजकपातीत दिवा भलत्या वेळी लागू लागतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या आणि निघण्याआधी आठवडाभर चालवून बघा.

दुसरं काम पाण्याचं. टाकीतलं पाणी तपासतोच, पण बादलीत भरून घेतो ते पाणीही नायट्रेटच्या (शेवाळ ज्यावर पोसतं त्या विरघळलेल्या खताच्या) किटने तपासा. एप्रिलनंतर अनेक सोसायट्यांत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी मिसळलेलं असतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. तुमच्या नळालाच 40 येत असेल तर कितीही पाणी बदला, टाकीतलं नायट्रेट त्याखाली उतरणार नाही. अशा वेळी निम्मं पाणी आरओचं मिसळा. आरओच्या नळीतून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी मात्र कधीच वापरू नका, त्यात क्षार आणखी वाढलेले असतात.

पंधरा दिवसांत दोनदा, दर वेळी साधारण तीस टक्के पाणी बदला, अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रावण) घालूनच. सायफनची नळी खड्यांत खुपसून तळाचा गाळ ओढून घ्या. फिल्टरचा स्पंज वेगळ्या दिवशी धुवा, तोही टाकीतून काढलेल्या पाण्यात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन स्पंजमधल्या उपयोगी जिवाणूंना मारतं. शेवटचा पाणीबदल निघायच्या दोन दिवस आधी उरका, म्हणजे मासे ठीक आहेत ना हे बघायला हाताशी वेळ राहतो.

जलद वाढणारी वनस्पती याच सुमाराला टाका. हायड्रिला, हॉर्नवर्ट, वॉटर स्प्राइट यांपैकी काहीही चालेल. पंधरा दिवसांत ती रुळतात आणि शेवाळाचं खत आधीच उचलतात. पिवळी, कुजकी पानं कात्रीने काढून टाका.

दुकानदार ‘टाकी साफ करणारा मासा’ म्हणून सकर देतो, तो घेऊ नका. बोटाएवढा आणलेला सकर फूटभराच्या वर वाढतो, भरपूर घाण करतो, आणि मग लोक तो तलावात नेऊन सोडतात. भारतातल्या कितीतरी जलाशयांत तो असाच पसरला आहे. छोट्या टाकीला नेराइट गोगलगाय पुरे. तिची अंडी गोड्या पाण्यात उबत नाहीत, त्यामुळे गोगलगायींची फौज होत नाही.

आता खाणं. सुट्टीतल्या हिरव्या टाकीमागे बहुतेक वेळा मायेने घातलेलं जास्तीचं खाणंच असतं. धडधाकट मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. दहा दिवस जाणार असाल तर कागदाच्या तीन पुड्या करा, प्रत्येकीत दोन मिनिटांत संपेल एवढेच दाणे, वर तारीख लिहा आणि पुड्याच शेजारच्या काकूंकडे द्या. डबा कपाटात ठेवून जा. ‘बिचारे उपाशी दिसतात हो’ असं त्यांना वाटणारच, म्हणून समोर उभं राहून एकदा दाखवा. हळूहळू विरघळणारी पांढरी खाण्याची वडी टाळा, तिच्यामुळे पाणी गढूळ होतं.

जाता जाता शेवाळाचं औषध किंवा मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) टाकून जाण्याचा मोह तर अजिबात नको. तांब्याने गोगलगायी आणि कोळंबी मरतात. शिवाय 20 अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच. एकदम मेलेलं शेवाळ कुजताना त्यातलाही ओढून घेतं आणि मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात, तेही तुम्ही घरी नसताना. एअर पंप मात्र चालूच ठेवून जा.

परत आल्यावर थोडंसं शेवाळ दिसलंच तर सगळं एकाच दिवशी घासू नका. पहिल्या दिवशी फक्त समोरची काच आणि तीस टक्के पाणी, खडे तीन-चार दिवसांनी, फिल्टर पुढच्या आठवड्यात. पाणीच हिरवं झालं असेल तर दिवा बंद करून टाकी तीन-चार दिवस चादरीने पूर्ण झाकून ठेवा, एअर पंप चालू ठेवा, आणि चादर काढल्यावर पाणी बदला.