अँड्रॉइड ॲपचे ऑब्फस्केशन करताना या चुका टाळा

एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप इन्स्टॉल करायची फाइल, ही मुळात एक झिप असते. जॅडएक्ससारख्या मोफत साधनात ती उघडली, की आतला बाइटकोड, म्हणजे कंपाइल झालेला कोड, थोड्याच वेळात वाचता येण्याजोगा जावा कोड होऊन समोर येतो. ऑब्फस्केशन, म्हणजे कोड वाचायला मुद्दाम अवघड करणे, केलेले नसेल, तर क्लास, मेथड आणि फील्ड यांना आपण दिलेली नावेही त्यात जशीच्या तशी दिसतात. कमेंट तेवढ्या गायब झालेल्या असतात. ही वाट अवघड करण्याचे काम अँड्रॉइडच्या बिल्डमध्ये आर-एट हे साधन करते. त्याआधी ते प्रोगार्ड या साधनाकडे होते, आणि २०१९ साली अँड्रॉइड ग्रेडल प्लगइनच्या (ॲप बांधणाऱ्या साधनाच्या) ३.४ या आवृत्तीपासून आर-एट डीफॉल्ट झाले, तरी नियमांची भाषा मात्र प्रोगार्डचीच राहिली.

आर-एट न वापरलेला कोड टाकून देते, उरलेल्याचे ऑप्टिमायझेशन करते आणि नावे ए, बी, सी अशी बदलते. मजकूर, तर्क आणि रिसोर्स यांना कुलूप लावणे हे त्याचे काम नव्हे. पुढच्या बहुतेक चुका हा फरक लक्षात न घेतल्यामुळे होतात.

पर्याय चालू आहे असे गृहीत धरणे

अँड्रॉइड स्टुडिओत नवा प्रकल्प तयार केला, की रिलीज बिल्डमधला (वापरकर्त्यांना द्यायच्या बिल्डमधला) मिनिफायचा, म्हणजे आर-एट चालू करण्याचा, पर्याय बरीच वर्षे ‘फॉल्स’ असाच मिळत आला आहे. तो कोणी बदललाच नाही, तर प्रोगार्ड-रूल्स फाइलमध्ये कितीही काळजीपूर्वक नियम लिहिले, तरी ते कोणी वाचत नाही. खात्री करायची असेल तर ग्रेडल फाइल पाहण्यापेक्षा तयार झालेली एपीके स्टुडिओच्या एपीके ॲनालायझरमध्ये उघडावी आणि आपल्या पॅकेजखाली खरी नावे दिसतात की एकाक्षरी, ते पाहावे. ॲक्टिव्हिटी आणि सर्व्हिस यांची नावे मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) लिहिलेली असल्यामुळे ती तशीच राहणार. त्यावरून ऑब्फस्केशन झालेच नाही असा निष्कर्ष काढू नये.

फक्त डीबग बिल्डवर चाचणी करणे

काही वर्षांपूर्वी आम्ही दुकानदारांच्या उधारीच्या नोंदी ठेवणारे एक छोटे ॲप केले होते. डीबग बिल्डवर, म्हणजे आर-एट न चालवलेल्या चाचणीच्या बिल्डवर, ते महिनाभर सुरळीत चालले. रिलीज बिल्डमध्ये मात्र ग्राहकांची यादी उघडली, की जेवढे ग्राहक तेवढ्या ओळी येत, पण प्रत्येक ओळीत नाव रिकामे आणि थकबाकी शून्य. क्रॅश नव्हता, लॉगमध्ये एररही नव्हती, आणि त्यामुळेच दोन दिवस आम्ही सर्व्हरवर संशय घेत बसलो.

कारण साधे होते. सर्व्हरकडून आलेल्या जेसन या मजकूररूपी डेटामधल्या प्रत्येक कीच्या नावाचे फील्ड जीसन ही लायब्ररी रिफ्लेक्शनने, म्हणजे ॲप चालू असताना नावावरून, शोधते. आर-एटने त्या फील्डचे नाव बदलून ए केले होते. जीसनला जुळणारे फील्ड सापडले नाही, अनोळखी की ती मुकाट्याने सोडून देते, आणि फील्डमध्ये नल किंवा शून्य ही मूळ किंमत राहते. याहून वाईट प्रकार तोच ऑब्जेक्ट फोनमध्ये जेसन म्हणून साठवला की घडतो. साठवताना की म्हणून ए आणि बी हीच नावे लिहिली जातात, वाचतानाही तीच वापरली जातात, त्यामुळे एका आवृत्तीत सगळे ठीक दिसते. पुढच्या आवृत्तीत एखादे फील्ड वाढले, नावे सरकली, की अपडेट घेतलेल्या फोनवर मोबाइल क्रमांक पत्त्याच्या रकान्यात जाऊन बसू शकतो. हा दोष नव्याने इन्स्टॉल केलेल्या ॲपवर कधीच दिसत नाही, म्हणून चाचणी करताना जुन्या रिलीजवर नवा रिलीज चढवूनच पाहावे.

उपाय म्हणून अशा प्रत्येक फील्डवर सीरिअलाइज्ड-नेम हे ॲनोटेशन लिहावे. प्रकल्प नवा असेल तर माझी पसंती मोशीच्या कोडजेनला किंवा कोटलिनएक्स सीरियलायझेशनला आहे, कारण तिथे रूपांतराचा कोड कंपाइल करतानाच तयार होतो आणि बहुतेक वेळा रिफ्लेक्शनची गरजच राहत नाही.

ग्रेडल प्लगइनच्या ८.० या आवृत्तीपासून आर-एट ‘फुल मोड’मध्ये चालते, आणि ते अधिक कठोर आहे. जो क्लास कोडमध्ये कुठेही थेट तयार केलेला दिसत नाही, तो कधीच तयार होत नाही असे ते मानते. तसेच कीप नियम (‘हे टाकू किंवा बदलू नको’ असे सांगणारा नियम) नसलेल्या क्लासवरील जेनेरिक प्रकारांची माहितीही ते टाकून देते. प्लगइन अपडेट केल्यावर ‘ॲबस्ट्रॅक्ट क्लास तयार करता येत नाही’ किंवा ‘क्लासचे पॅरामीटराइज्ड-टाइपमध्ये कास्ट करता येत नाही’ अशा अर्थाची एरर अचानक येऊ लागली, तर बहुधा कारण हेच असते. अशा वेळी फुल मोड बंद करून मोकळे होण्याचा मोह होतो, पण लायब्ररी अद्ययावत केल्यास आवश्यक ते नियम बऱ्याचदा तिच्यासोबतच येतात.

साप म्हणून भुई धोपटणे

एक क्रॅश दिसला की कुठूनतरी नियम उचलायचा आणि आपल्या संपूर्ण पॅकेजला दोन तारकांसह कीप लावून टाकायचे, ही सवय फार पसरलेली आहे. क्रॅश थांबतो, बिल्ड हिरवा होतो, आणि ज्या कोडसाठी हा खटाटोप केला तोच संपूर्ण उघडा राहतो. नियम नेहमी ज्या क्लासला रिफ्लेक्शनने किंवा नेटिव्ह (सी किंवा सी++ मधल्या) कोडमधून हाक मारली जाते त्याच्यापुरता असावा.

कधीकधी दोष आपल्या फाइलमध्ये नसतोच. लायब्ररी स्वतःचे नियम सोबत आणते आणि ते साऱ्या ॲपला लागू होतात. अशा एखाद्या लायब्ररीत कोणी ऑब्फस्केशनच बंद करणारी ओळ लिहून ठेवली असेल, तर ग्रेडल प्लगइनच्या ९.० पूर्वीच्या आवृत्त्यांत तुमचे सगळे कष्ट वाया जातात. रिलीज बिल्डच्या मॅपिंग फोल्डरमध्ये कॉन्फिगरेशन नावाची मजकूर फाइल तयार होते, त्यात सर्व नियम एकत्र सापडतात. त्याच फोल्डरातील सीड्स ही फाइल कीप नियमांमुळे काय काय शाबूत राहिले याची यादी देते. ती अनपेक्षितपणे लांबलचक असेल, तर नियम कुठेतरी सैल आहेत.

मजकूर लपला असे समजणे

नावे बदलली तरी अवतरणचिन्हांतला मजकूर आर-एट लपवत नाही. एपीआय की, सर्व्हरचे पत्ते, लॉगमधले संदेश हे सगळे शोधपट्टीत एक शब्द टाकला की सापडते. की बेस-६४ मध्ये लिहिणे हा उपाय नव्हे, आणि ती नेटिव्ह लायब्ररीत हलवली तरी लिनक्सवरची साधी ‘स्ट्रिंग्ज’ ही आज्ञा ती बाहेर काढते. खरी गुपित की सर्व्हरवरच राहिली पाहिजे. गूगल मॅप्सच्या कीसारखी जी ॲपमध्ये ठेवावीच लागते, तिला पॅकेजचे नाव आणि साइनिंग सर्टिफिकेटचा ठसा यांचे बंधन घालावे.

कोटलिन वापरणाऱ्यांसाठी इथे आणखी एक गंमत आहे. डेटा क्लाससाठी कंपाइलर जी टू-स्ट्रिंग मेथड तयार करतो, तिच्यात क्लासचे आणि प्रत्येक फील्डचे मूळ नाव मजकूर म्हणून लिहिलेले असते. त्यामुळे क्लासचे नाव बदलून ए झाले, फील्ड बी आणि सी झाली, तरी त्याच क्लासच्या पोटात ‘कस्टमर, नेम, बॅलन्स’ हे शब्द स्वच्छ वाचता येतात. नल नसण्याची खात्री करणाऱ्या तपासण्यांमध्येही पॅरामीटरची नावे अशीच राहू शकतात. त्या तपासण्या कंपाइलरच्या पर्यायाने बंद करता येतात. लॉगचे कॉल नियम लिहून काढून टाकता येतात, पण संदेश जोडून तयार करणारा कोड मागे उरू शकतो, म्हणून काढल्यानंतर जॅडएक्समध्ये एकदा शोधून पाहावे.

निर्णय फोनवर सोपवणे

सशुल्क सुविधा उघडायची की नाही हे एका बूलियनवर (खरे किंवा खोटे एवढेच सांगणाऱ्या किमतीवर) ठरत असेल, तर त्या बूलियनचे नाव काय आहे याने फारसा फरक पडत नाही. एपीकेटूलने स्माली कोड (बाइटकोडचे वाचता येण्याजोगे रूप) काढायचा, एक अट उलटी करायची, फाइल पुन्हा बांधून स्वतःच्या कीने साइन करायची, एवढेच काम उरते. चालणाऱ्या कोणत्याही प्रोग्रामची गुपिते पूर्णपणे झाकू शकेल असे सर्वसामान्य ऑब्फस्केशन अशक्य आहे, हे बोआज बराक आणि सहकाऱ्यांनी २००१ सालीच गणिताने दाखवून दिले आहे. म्हणून खरेदीचे टोकन सर्व्हरवर तपासावे, आणि ज्या मजकुरासाठी पैसे घेतले तो तपासणीनंतरच पाठवावा.

फ्लटर वापरणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की आर-एट फ्लटरच्या डार्ट या भाषेतल्या कोडला हात लावत नाही. त्यासाठी बिल्डच्या आज्ञेत ऑब्फस्केटचा वेगळा पर्याय द्यावा लागतो.

मॅपिंग फाइल हरवणे

ऑब्फस्केशन नीट झाले की क्रॅशचा अहवालही दुर्बोध होतो. ए-डॉट-बी मध्ये नल पॉइंटर आला, एवढेच कळते. मूळ नावे परत मिळवण्यासाठी रीट्रेस हे साधन असते, पण त्याला त्याच बिल्डची मॅपिंग फाइल, म्हणजे मूळ आणि बदललेल्या नावांची यादी, लागते. कालची फाइल आजच्या बिल्डला चालत नाही. ॲप बंडल प्ले कन्सोलवर चढवले तर मॅपिंग त्यातच जाते, मात्र एपीके थेट ग्राहकाला दिली असेल तर प्रत्येक आवृत्तीची फाइल स्वतः जपून ठेवावी लागते. ओळ क्रमांक जपणारा नियमही सोबत असावा, आणि मूळ फाइलचे नाव लपवणारा नियम त्याला जोडावा. जपून ठेवताना ही फाइल सार्वजनिक गिट रिपॉझिटरीत किंवा ग्राहकाला पाठवायच्या फोल्डरात जाणार नाही याकडे लक्ष द्यावे, कारण ती ज्याच्या हाती पडेल त्याला आपण पुसलेली सगळी नावे एका आज्ञेत परत मिळतात.