नायट्रेटचं तपकिरी वलय येत नसेल तर

क्षारात नायट्रेट आहे का हे ओळखायच्या चाचणीत तपकिरी वलय उमटायला हवं. ते येत नसेल तर आधी फेरस सल्फेटकडे पाहा. द्रावण पिवळसर दिसत असेल तर त्याचं ऑक्सिडीकरण होऊन फेरिक झालंय. ते ओतून द्या आणि फिकट हिरवे स्फटिक पाण्यात विरघळवून ताजं करा. तपासायच्या क्षाराचं द्रावण २ मिली, तेवढंच फेरस सल्फेट, नीट मिसळा. मग परीक्षानळी तिरकी धरून ड्रॉपरने संहत सल्फ्युरिक आम्ल काचेच्या कडेने अगदी सावकाश सोडा. ते जड असल्याने तळाशी बसतं आणि दोन थरांच्या सीमेवर वलय उमटतं. यानंतर नळी अजिबात हलवू नका, थर मिसळले की तापतात आणि उष्णतेने वलय मोडतं. चष्मा हवाच. क्षारात ब्रोमाइड किंवा आयोडाइड असेल तर फसू नका, मोकळं झालेलं ब्रोमीन-आयोडीनही तपकिरीच दिसतं. संहत आम्लाआधी, नुसत्या विरल आम्लातच सगळं द्रावण तपकिरी झालं, तर नायट्राइटचा संशय घ्या.