कोकणातून सह्याद्री चढताना बहुउपयोगी घड्याळ कसे वापरावे

उंची, हवेचा दाब, दिशा, तापमान आणि जीपीएस हे सारे एकाच डबीत बसवलेले मनगटी घड्याळ आता आमच्या दापोली-खेडकडच्या पुष्कळ भटक्यांच्या हातात दिसते. त्यांतले बहुतेक जण ते पावले मोजण्यापलीकडे वापरत नाहीत, आणि जे वापरतात त्यांची तक्रार एकच असते, की ते उंची चुकीची दाखवते. अशा वेळी घड्याळ सहसा बिघडलेले नसते. ते ज्या प्रमाण हवेचे गणित धरून चालते, तशी हवा कोकणात क्वचितच असते. म्हणून आपल्या हवेचे रोजचे चढउतार समजून घेऊन घड्याळ वाचायला शिकणे, हेच त्याच्या वापरातले मुख्य काम आहे.

घड्याळातला उंचीमापक प्रत्यक्षात उंची मोजत नाही, तो हवेचा दाब मोजतो. समुद्रसपाटीला प्रमाण दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल (हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) आणि तापमान १५ अंश सेल्सिअस धरून, दाब जितका कमी तितके आपण उंच, असा त्याचा हिशेब असतो. सखल भागात साधारण ८ ते ९ मीटर चढले की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो. त्यामुळे आपण जागचे न हलता नुसती हवा बदलली, तरी उंचीचा आकडा हलतो. जानेवारीत आपल्या किनाऱ्यावरचा दाब प्रमाण दाबाच्या आसपास असतो, तर जुलैत तो १००५ च्याही खाली जातो. कारखान्यातून आले तसेच घड्याळ घालून कोणी ऐन पावसाळ्यात हर्णैच्या वाळूत उभा राहिला, तर त्याला आपण ७०-८० मीटर उंचावर आहोत असे दिसेल.

म्हणून पहिली सवय अशी लावून घ्यावी, की चढाईच्या दिवशी, निघण्यापूर्वी, माहीत असलेल्या उंचीच्या जागी घड्याळ जुळवून घ्यायचे. या बाबतीत कोकणातला माणूस नशीबवान आहे, कारण शून्य उंचीची जागा त्याच्या दारात असते. भरतीच्या रेषेपाशी उभे राहून उंची दोन-तीन मीटर लावली, तरी भरती-ओहोटीमुळे पडणारा फरक ट्रेकच्या कामात नगण्य ठरतो. समुद्रापासून दूर असाल, तर रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती कामी येते. पहाटेच्या गाडीने उतरणाऱ्यांनी फलाट सोडण्याआधीच हे करून टाकावे. एकदा जीप पकडण्याची घाई सुरू झाली, की ते हमखास राहून जाते. बऱ्याच घड्याळांत उंची जीपीएसवरून आपोआप जुळवण्याची सोय असते, पण तिच्यात काही मीटरांची, आणि झाडीत किंवा कड्याखाली त्याहून बरीच मोठी चूक येऊ शकते. पाटीवरची किंवा नकाशावरची उंची हाताशी असेल, तर मी तीच लावतो.

यानंतरच्या दोन गोष्टी घड्याळाच्या पुस्तिकेत क्वचितच नीट सांगितलेल्या असतात, आणि कोकणात त्यांचाच त्रास सर्वाधिक होतो. पहिली उष्म्याची. तापलेली हवा विरळ असल्यामुळे तीत तितकाच दाब उतरायला जास्त चढावे लागते. पायथ्याशी ३० अंश तापमान असताना प्रत्यक्षात १०० मीटर चढल्यावर घड्याळ साधारण ९५ मीटरच दाखवते, आणि हवेतली वाफ ही तूट आणखी किंचित वाढवते. म्हणजे पायथ्याला अचूक लावलेले घड्याळ ८०० मीटरच्या चढाईनंतर ४०-४५ मीटर मागे पडलेले असते. दुसरी गोष्ट दाबाच्या रोजच्या लयीची. उष्ण कटिबंधात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो जास्त असतो, तर पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत तो तीन-चार हेक्टोपास्कल सहज उतरतो, म्हणजे झाडाखाली बसलेल्या माणसाचे घड्याळही त्याला २५-३० मीटर वर चढवून ठेवते.

या दोन चुका एकत्र कशा येतात, ते ध्यानात घ्यावे. सहा वाजता पायथा सोडून दहापर्यंत चढत राहिलात, तर उष्म्यामुळे आणि चढत्या दाबामुळे, अशी दोन्ही कारणांनी उंची कमी दिसते. माथा अजून ६० मीटर वर आहे असे वाटत असताना तुम्ही माथ्यावर पोचलेले असता. उलट, दहानंतर चढू लागलात, तर दोन्ही चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात आणि घड्याळ आश्चर्य वाटावे इतके बरोबर येते. उपाय एकच आहे. वाटेत जिथे जिथे उंची खात्रीने माहीत असेल, तिथे आकडा पुन्हा जुळवावा. खिंड, पदरावरची, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवरची वाडी, नकाशात उंची दिलेले शिखर, अशा तीन-चार जागा आदल्या रात्री कागदावर उतरवून तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवावा. दर दीड-दोन तासांनी एक जागा आली, तर तेवढे पुरते.

इतकी खटपट कशासाठी, हे धुक्यात कळते. सर्वे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या दर २० मीटरला एक अशा असतात. आपण डोंगराच्या कोणत्या सोंडेवर आहोत हे ठाऊक असेल आणि घड्याळाची उंची खरी असेल, तर सोंड आणि ती समोच्च रेषा जिथे छेदतात तिथे आपण उभे आहोत, हे दहा पावलांवरचे दिसत नसतानाही सांगता येते. रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड ही खेड तालुक्यातली रांग पावसाळ्याच्या अखेरीस करणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो, कारण तिथल्या रानात ढोरवाटा अनेक आहेत आणि आडवी गेलेली प्रत्येक वाट खरीच वाटते. आडव्या वाटेवर उंची जवळपास स्थिर राहायला हवी. ती सलग घटत गेली, तर आपण नकळत एखाद्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात उतरतो आहोत हे ओळखून लगेच थांबावे.

एकदा याच रांगेतून उतरताना माझ्या घड्याळाने अर्धा तास एकच उंची धरून ठेवली होती. पाय मात्र उतार सांगत होते. सोबत्याचे घड्याळ माझ्यापेक्षा ९० मीटर खाली दाखवू लागले, तेव्हा मी माझे काढून पाहिले. कडेला जी दाबमापकाची बारीक छिद्रे असतात, त्यांत लाल माती घट्ट बसली होती. थोड्या वेळापूर्वी निसरड्यावर हात टेकला होता, तेव्हा ती शिरली असावी. बाटलीतले पाणी ओतून ती माती धुतली, फुंकर न मारता घड्याळ हलकेच झटकले, आणि काही मिनिटांत आकडा ताळ्यावर आला. तेव्हापासून कातळावर हात टेकावा लागेल अशा जागी मी घड्याळ मनगटाऐवजी पाठपिशवीच्या पट्ट्याला बांधतो. काडी, टाचणी किंवा सुई त्या छिद्रांत कधीही घालू नये. आतला पडदा फाटला की घड्याळ कायमचे जाते. ओल्या बाहीखाली दबलेली छिद्रे आणि कड्याच्या धारेवरचा जोराचा वारा यांनीही आकडा काही मीटर नाचतो, म्हणून वाचन घेताना बाही वर करावी आणि वाऱ्याकडे पाठ करावी.

हाच दाबमापक मुक्कामाला हवामान सांगतो. मात्र चालताना ‘उंची’ आणि थांबल्यावर ‘दाब’ असा बदल स्वतः करावा. आपोआप बदलणारी सोय सावकाश चढताना फसते आणि आपल्या चढाईलाच वादळ समजते. मुक्कामावर दाब पाहताना संध्याकाळच्या आकड्याची सकाळच्या आकड्याशी तुलना करू नये, कारण दुपारची उतरण ही रोजचीच असते. आज सकाळी दहाचा आकडा काल सकाळी दहाच्या आकड्याशी ताडून पाहावा. काही घड्याळांत तीन तासांत चार हेक्टोपास्कल उतरले की वादळाचा इशारा वाजतो. मे-जूनमध्ये आणि पावसाळा सरल्यावर अरबी समुद्रात चक्रीवादळे होतात, तेव्हा असा इशारा वाजला तर तो गांभीर्यानेच घ्यावा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला धरून उत्तरेकडे गेले, हे आपण पाहिले आहे. मात्र हवामान खात्याचा इशारा असताना घड्याळाच्या भरवशावर निघणे हा शुद्ध अविचार होय. शिवाय दोन संकटे घड्याळ मुळीच सांगत नाही. ऑक्टोबरातल्या दुपारचा विजांचा पाऊस स्थानिक असतो, त्याची चाहूल दाबात फारशी लागत नाही. जुलैत तर दाब मुळातच खाली असतो, त्यामुळे घाटमाथ्यावर कोसळणाऱ्या पावसाने ओढा फुगणार असेल, तेव्हाही आकडा शांतच राहतो. अशा वेळी वाडीतल्या वाटाड्या मामांनी आभाळाकडे पाहून सांगितलेला शब्द प्रमाण मानावा.

होकायंत्राची गोष्ट वेगळी आहे. त्याचे शत्रू लोखंड, चुंबक आणि विजेचा प्रवाह. १९०४ साली अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभी राहिली, ती मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्रामांमुळे कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडणार होत्या म्हणून. जिथे ट्राम नडते, तिथे मनगटाजवळचा मोबाइल किती नडत असेल, याचा विचार करावा. घड्याळ हवेत आठचा आकडा काढत फिरवून होकायंत्र जुळवायचे असते, आणि हे काम बॅटरी बदलल्यावर व प्रत्येक ट्रेकच्या आरंभी मोकळ्या जागी करावे. गाडीत, लोखंडी कठड्यापाशी किंवा तोफेजवळ ते करू नये. रसाळगडावर तोफा पुष्कळ आहेत, तिथे तर विशेष सांभाळावे. सह्याद्रीचा काळा पाषाण स्वतःच थोडासा चुंबकीय असतो, म्हणून घड्याळ कातळावर ठेवून दिशा न घेता ते छातीच्या उंचीवर, आडवे आणि सपाट धरून घ्यावी. चुंबकीय उत्तर दिशा आणि खरी उत्तर दिशा यांतला फरक कोकणात एका अंशाहून कमी आहे, त्यामुळे घड्याळात तो शून्य ठेवला तरी चालते. धुके चढू लागले की पुढच्या शिखराची किंवा खिंडीची दिशा दिसेनाशी होण्याआधीच पक्की करून ठेवावी. नंतर ती मिळवण्याचा मार्ग उरत नाही.

जीपीएस मोकळ्या माळावर सुरू करावे आणि उपग्रह सापडल्याची खूण आल्यावरच पाऊल उचलावे. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या अरुंद नाळेत दोन्ही बाजूंचे कडे आभाळ झाकतात, संदेश कड्यांवर आपटून येतात आणि नकाशावरची आपली रेषा भिंतीतून गेल्यासारखी दिसते. तिथे उंचीमापकच खरा सोबती. बॅटरी वाचवायची म्हणून जीपीएसच्या दोन नोंदींमधला वेळ फार वाढवू नये, त्यापेक्षा पडद्याचा उजेड कमी करावा. संपूर्ण मार्ग नोंदवण्याइतकेच महत्त्वाचे, म्हणजे जिथे वाटा फुटतात तिथे थांबून ती जागा बटण दाबून खूण म्हणून साठवणे. परतताना कारवीच्या रानात तीच खूण वाट दाखवते. पावसात स्पर्शाचा पडदा थेंबांनाच बोट समजतो, म्हणून तो बंद करून बटणांवर काम चालवावे.

वेळेच्या साध्या सोयींना कमी लेखू नये. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितलेला हिशेब असा, की सपाटीवर तासाला सुमारे ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास धरावा. आपल्या दमट हवेत, पाठीवर ओझे असताना, तासाला ३०० मीटर चढले तरी मी ते चांगले समजतो. घड्याळ चढण्याचा वेग दाखवत असेल, तर पहिल्या तासाचा आकडा पाहून माघारीची वेळ ठरवावी आणि तिचा गजर लावावा. पाण्यासाठी दर वीस मिनिटांचा गजरही लावावा. पश्चिमेकडचा उतार सकाळी बराच वेळ सावलीत असतो. सूर्योदयाच्या वेळेवर न जाता या सावलीचा हिशेब धरून चढाई उरकावी. तापमान पाहायचे असेल, तर घड्याळ मनगटावरून काढून पंधरा-वीस मिनिटे सावलीत टांगून ठेवावे.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी हीच चूक उलट होऊ शकते. थंड हवा दाट असते, त्यामुळे ती त्या उंचीच्या प्रमाण हवेहूनही थंड असेल, तर घड्याळ खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवते. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दररोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असे सांगितले जाते. तो हिशेब ठेवण्यासाठी प्रत्येक तळावर माहीत असलेली उंची लावून घ्यावी. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून रात्री घड्याळ स्लीपिंग बॅगमध्ये घ्यावे. काही घड्याळे रक्तातल्या प्राणवायूचाही आकडा दाखवतात, तो हात गारठलेला असताना आणि हलत असताना भलताच येतो. डोके दुखत असेल, उलटी होत असेल किंवा तोल जात असेल, तर आकडा चांगला दिसला तरी वर चढू नये.

घरी आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याखाली धरून घाम, माती आणि मीठ धुवावे, पाण्यात असताना बटणे दाबू नयेत, आणि ते पंख्याखाली वाळवावे, उन्हात नाही. समुद्रात पोहताना वापरले असेल, तर हे त्याच दिवशी करावे, कारण छिद्रांत सुकलेले मीठ मातीहून चिवट असते. मग ते दाबाच्या पडद्यावर लावून फळीवर ठेवावे आणि आठवडाभर सकाळी दहा व दुपारी चार वाजताचे आकडे वहीत लिहावेत. आपल्या गावचा नेहमीचा चढउतार किती, हे त्या वहीतून कळते, आणि पुढच्या मुक्कामात दाब त्याहून किती जास्त उतरला, ते त्याच्याशी ताडून पाहता येते.